खुर्ची इथंच राहील

दिवे जाऊन अर्धा तास झाला होता. गोदामात सामान बांधणारी चार तरणी पोरं रिकाम्या खोक्यांवर बसून आपल्याच मुकादमाची टवाळी करत होती. मुकादमाला सगळे गाठवाला म्हणत. त्याने मारलेली गाठ सोडवायला घरमालकाला शेवटी विळी नाहीतर कात्री शोधावी लागे.

"मामा," त्यातल्या एकाने म्हाताऱ्या राखणदाराला विचारलं, "हा माणूस साधा चमचा घेऊन मालकिणीसमोर उभा राहतो. न्यायचा का, म्हणून विचारतो. लांबून हाक मारली तर काय जीभ झडते?"

"पूर्वी लांबूनच मारायचा," मामा म्हणाले. "हसून घ्या, मग ऐका. त्याने स्वतः इथंच बसून सांगितलंय मला. आणि मधेच कोणी पाणी प्यायला उठायचं नाही."

गेल्या वर्षीची गोष्ट. चोवीस नोव्हेंबर, सोमवार. काम साधं होतं. दुसऱ्या मजल्यावरचं घर, तीन खोल्या आणि स्वयंपाकघर, दोन खेपांत संपणारं. गाठवाला आणि टेम्पोचा ड्रायव्हर, दोघंच. घरात नवरा, बायको आणि पाच वर्षांची पोरगी. नवरा दुपारी पहिल्या खेपेबरोबर पोरीला घेऊन पुढे गेला. घर बायकांनी आवरायचं आणि पत्ता पुरुषांनी सांगायचा, ही जगाची रीत.

गाठवाल्याची एक सवय. वस्तूवर हात ठेवायचा, मोठ्याने विचारायचं, "न्यायचं का?" आणि घरातून "हो" आल्याशिवाय दोरी हातात घ्यायची नाही. एकदा त्याने कपबशांबरोबर एका आजोबांची कवळी बांधून टाकली होती. आजोबा तीन दिवस काय बोलतात ते कोणाला कळलं नाही. चौथ्या दिवशी कवळी सापडली, तेव्हा आजी म्हणाल्या, एवढी घाई नव्हती. तेव्हापासून हा विचारायला लागला.

त्या दिवशी सकाळीच वहिनी त्याला मागच्या खोलीत घेऊन गेल्या. तिथं फक्त एक वेताची खुर्ची होती. हातांची, रुंद.

"दादा, सगळं घर न्या. ही खुर्ची इथंच राहील."

"चांगली आहे की. वेत कुठं सुटलेला नाही."

"सासूबाईंची आहे. अकरा वर्षं त्या हिच्यावरून हलल्या नाहीत आणि मला बसू दिलं नाही. त्यांना जाऊन चौदा महिने झाले." वहिनी दाराबाहेरच उभ्या होत्या. "चार महिने झाले, माझी पोरगी रात्री उठते. या खोलीत येते आणि जमिनीवर बसून बोलत राहते. समोर हीच खुर्ची. मी उचलून नेलं की म्हणते, आजीचं बोलणं पुरं होऊ दे. डोळ्यांखाली बघितलंत तिच्या? घर काय हौसेनं सोडतंय कोणी?"

बाईमाणूस रडत असतं तर गाठवाल्याने समजूत घातली असती. पण वहिनी रडत नव्हत्या. हिशेब चुकता करायला उभ्या असाव्यात तशा उभ्या होत्या. तो म्हणाला, "शब्द दिला. खुर्ची इथंच राहील."

दिवसभर तेच चाललं. हा या खोलीतून विचारी, त्या स्वयंपाकघरातून न बघता उत्तर देत. "न्यायचं का?" "हो." "हे मोडकं?" "तुमचं डोकं धड आहे ना, दादा? टाका." असं करत घर रिकामं झालं. रिकाम्या घरात आवाज कसा होतो, तुम्हाला माहीत आहे. आपलाच असतो, पण परका वाटतो.

पावणेनऊ वाजले. दिवे गाठवाल्यानेच उतरवून कागदात गुंडाळले होते. काही राहिलंय का बघायला तो अंधारात शेवटची फेरी मारत होता. त्याची एक सवय आहे, बॅटरी पेटवत नाही. भिंतीवरून हात फिरवत जातो. हाताला लागतं ते डोळ्याला दिसत नाही, म्हणतो.

मागच्या खोलीत हाताला लाकूड लागलं. दिवसभर दोनशे वेळा जे तोंडातून निघालं होतं, तेच निघालं.

"न्यायचं का?"

"हो."

स्वयंपाकघराच्या बाजूने. तेवढ्याच मोठ्याने. तेवढ्याच कंटाळ्याने.

मग त्याच्या लक्षात आलं, हात खुर्चीवर आहे. तो थांबला. पण त्याने आयुष्यभर हेच बघितलं होतं. वर्षानुवर्षं कपाटाला शिव्या देणारा माणूस निघताना त्याच कपाटाला मिठी मारतो. वहिनींचं मन पालटलं असेल. सासू झाली तरी... त्याने फार विचार केला नाही. गुंडाळली. गाठ मारली.

उतरवताना दोघं लागले, खालून ड्रायव्हरला बोलवावं लागलं. ड्रायव्हर म्हणाला, "वेताची आहे की दगडाची?" प्रत्येक पायरीला वेत करकरत होता. कोणी सावरून बसावं तसा.

टेम्पोच्या दिव्यात खुर्ची आली आणि पुढचं दार उघडलं. वहिनी आत बसल्या होत्या. मांडीवर किल्ल्या.

"दादा. हे काय?"

"तुम्हीच तर हो म्हणालात."

"मी?"

"आत्ता. स्वयंपाकघरातून."

ड्रायव्हरच हळूच म्हणाला, "त्या अर्ध्या तासापासून इथं बसल्यात."

...

"परत ठेवून या," वहिनी म्हणाल्या. आवाज अगदी खाली. "आत्ताच्या आत्ता."

ड्रायव्हर हलला नाही. गाठवाल्याने वहिनींकडून किल्ल्या घेतल्या, एकट्याने खुर्ची उचलली. शब्द त्याचा होता. पहिला जिना चढला. दुसरा चढला. खोलीत ठेवली. गाठ सोडली नाही. दार ओढलं, कुलूप लावलं. धावत खाली. टेम्पोत मागे, गाद्यांवर बसला. टेम्पो निघाला. त्याला हायसं वाटलं.

मग, अर्ध्या रस्त्यात, त्याला आठवलं.

उतरवताना दोघांना जड झाली होती. चढवताना... त्याने ती एका हाताने नेली होती. दुसऱ्या हातात किल्ल्या होत्या.

वेत एकदाही करकरला नव्हता.

त्याने गाद्यांकडे बघितलं नाही. कोपऱ्याकडे बघितलं नाही. पाय पोटाशी घेऊन बसला. बाजूची गादी दबलेली होती की तशीच होती, त्याला आजही सांगता येत नाही.

नवं घर. तेही दुसऱ्या मजल्यावर. खालीच रंगारी भेटला. म्हणाला, जिन्याची भिंत आणि तुमच्या घरातली दारं आजच रंगवलीत, ओली आहेत, हात लावू नका. सगळे मधून चढले. खांदेसुद्धा आवळून. गाठवाल्याला वहिनींना सांगायचं होतं. वर पोरगी झोपली होती. खरी झोप, हातपाय टाकून. वहिनी तिच्या उशाशी गेल्या, चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांचे खांदे खाली आले. त्या चेहऱ्यासमोर काय सांगणार? तो न सांगताच घरी गेला.

सकाळी सहाला फोन. वहिनी. एवढंच म्हणाल्या, "या."

हा ड्रायव्हरला घेऊन पोचला, तर रंगारी जिन्यात शिव्या देत उभा होता. ओल्या रंगात पंजे उमटले होते. उजव्या हाताचे. दर चार पायऱ्यांना एक. खाली, वाकलेल्या माणसाने टेकावेत तेवढ्या उंचीवर. रंगाऱ्याने सगळ्यांना हात दाखवायला लावले. नवऱ्याला, ड्रायव्हरला, गाठवाल्याला. कोणाच्याही हाताला रंग नव्हता.

सगळे पंजे वर जाणारे. उतरणारा एकही नाही.

शेवटचा पोरीच्या खोलीच्या दारावर होता.

आतल्या बाजूने.