एक चाचा डाल दो

दीनानाथचा हात साफ होता. हिंदी दैनिकाच्या ऑफिसातून सकाळी फोन यायचा, "दीनाजी, आज एक चाचा डाल दो," आणि पाच मिनिटांत व्यंगचित्र फॅक्सवर. चाचा म्हणजे मुसलमान. टोपी, टोकदार दाढी, वर चंद्रकोर. चेहरा काढायची गरजच नसे. ओळख पटली की झालं. दंगल असो, निवडणूक असो, कांदा महागो, चाचा तोच.

समोरच्या फ्लॅटमध्ये मिरजेचे सिकंदर इनामदार एकटे राहत. बँकेत नोकरी, दाढी सफाचट. "आमच्याकडे टोपी म्हणजे गांधीटोपी," असं म्हणून हसायचे. दिल्लीतल्या द्वारकेच्या त्या नव्या सोसायटीत मराठी घरं दोनच, आणि आडनावावरून निम्म्या लोकांना इनामदार ब्राह्मणच वाटत. रविवारी दीनानाथच्या बायकोच्या, वीणाच्या हातचे पोहे खायला ते चार वर्षं न चुकता येत होते. दीनानाथला दिल्लीत दुसरा मित्र नव्हता.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी ते दारात आले.

"दीनाभाऊ, नवं ब्लेड आहे का? सकाळी दाढी केली, जेवणापर्यंत परत आली."

दाढी काळीभोर होती. कडा सरळ, ब्रशने ओढल्यासारख्या. त्या दिवशीच्या चाचाची अगदी तशीच उतरली होती. पण कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडतेच, असं म्हणून दीनानाथने ब्लेड दिलं.

गुरुवारी चौकीदार नरसिंहने इनामदारांना फाटकातच अडवलं. रोज नमस्ते करणारा माणूस.

"किसके घर जाना है, चाचा?"

बाल्कनीतून बघणारा दीनानाथही क्षणभर चकला. इनामदारांच्या डोक्यावर टोपी होती. ती काढायला त्यांनी हात वर नेला. हात रिकामाच खाली आला, टोपी तिथेच राहिली.

दीनानाथने घाईघाईने ऑफिसला फोन लावला. "यार, अब चाचा नहीं बनाऊँगा."

"आज का तो आ गया," पलीकडचा म्हणाला. "बढ़िया है."

त्याने काहीच पाठवलं नव्हतं.

रविवारी पोहे निवले तरी इनामदार आले नाहीत. दीनानाथ समोर गेला. दार उघडं होतं. बेसिनपाशी इनामदार पाठमोरे उभे राहून दाढी करत होते. पाण्यात केस नव्हते, काळी शाई होती.

"गेली एकदाची. आता दिसतो ना मी, दीनाभाऊ?"

ते वळले.

दाढी गेली होती. टोपीखाली काहीच नव्हतं. नुसतं पांढरं, कोरं.

"काढा ना," आवाज मात्र मिरजेचाच होता. "तुम्हाला येतं."

दीनानाथला भीतीपेक्षा लाज वाटली. खिशातली पेन्सिल काढून तो पुढे झाला. गाल कोमट होता. आधी डोळे. घारे होते की काळे? चार वर्षं समोरासमोर बसून खाल्लं, आणि आठवेना.

"लवकर काढा. मला दिसत नाही."

त्याने पेन्सिल टेकवली.

हात आपसूक खाली सरकला, आणि हनुवटीवर सराईतपणे दाढी काढू लागला.