दोन हिसक्यांचं उत्तर

ही गोष्ट रात्रीची नाही. भर दुपारची आहे. आधीच सांगतो, म्हणजे कोणी अंधाराला दोष देणार नाही.

आणि खरी आहे. जिच्यावर ती गुदरली ती आमच्याच घरातली, माझ्या मावसभावाची बायको. ती उगाच बोलणाऱ्यातली नाही. तिने ही हकीकत मला एकदाच सांगितली, भाजी निवडता निवडता, आवाज न चढवता. सगळे तिला वहिनी म्हणतात. आपणही वहिनीच म्हणू.

तिचा नवरा म्हणजे दादा. दोघं मिळून कॉम्प्युटरच्या वायरी टाकायची कामं घेत. दादा शिडीवर, छताच्या पोकळीत डोकं खुपसून. वहिनी पलीकडच्या खोलीत, भिंतीतल्या भोकापाशी. मध्ये दोन-चार भिंती. ओरडलेलं ऐकू जात नसे, आणि दादांना ओरडायचा मुळातच कंटाळा. म्हणून त्यांनी वायरीलाच बोलायला लावलं होतं.

दोन हिसके म्हणजे, पोचली का?

त्याचं उत्तर तीन. पोचली, सोडा.

काम संपलं की दादा वायर हलकेच ताणून धरत आणि सावकाश सैल सोडत. म्हणजे, झालं, चल घरी.

आणि एकच हिसका म्हणजे थांब. माझा हात मध्ये आहे.

तो आला की हातातलं आहे तसं ठेवायचं. वहिनीने तो हिसका आयुष्यात एकदाही डावलला नव्हता.

ही बोली दोघांचीच होती. तिसऱ्याला ठाऊक नव्हती.

दादा गेले ते झोपेतच. वहिनी चहा घेऊन उठवायला गेली, तर अंग थंड. तिला रडू आलं नाही. आलेल्या बायका म्हणाल्या, रडू द्या हिला, मोकळी होईल. ती आपली बसून राहिली. पुढे दिवस झाले, सगळं झालं, तरी तसंच. तिखट खाल्लं तरी तिखट लागेना. पाय दाराला आपटून रक्त आलं, ते फरशीवर दिसलं तेव्हा कळलं.

दादांचं एक काम अर्धवट राहिलं होतं. एक जुना छापखाना होता, त्याचा आता दवाखाना होणार होता. वायरी बहुतेक टाकून झाल्या होत्या. त्या जोडायच्या, आणि सगळ्या यंत्रांचं जाळं उभं करायचं, हे बाकी होतं. ते करणारा माणूस दादा बाहेरून आणत. तो दुसऱ्या गावी निघून गेला होता.

"वहिनी, जमेल तुम्हाला?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "नसेल तर सांगा, मी दुसरं कोणी बघते. राग नाही."

"जमेल," वहिनी म्हणाली.

जमणार होतं म्हणून नव्हे. घरी बसवत नव्हतं म्हणून.

मदतीला नणंद आली. तिला सगळे बारकी म्हणतात. आईबाप लवकर गेले, तेव्हा तिला दादांनीच वाढवलेलं. शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्या-नळ्या सांभाळते. शाळेला सुट्टी होती.

वहिनी शिकायला लागली. सगळं ओपन सोर्सवर. म्हणजे ज्यांनी ते प्रोग्रॅम बनवले त्यांनीच जगाला देऊन टाकलेत. वापरा, उघडून बघा, हवं तर बदला.

"फुकट देतात? मग नक्की काहीतरी खोट असणार," बारकी म्हणाली.

"असली तर उघडून शोधायची मुभा आहे."

"बाई बाई! परवा मोबाईलवरून फोटो जाईना म्हणून मला हाका मारत होतीस, आणि आता बघा."

वहिनीने भंगारात निघालेला एक कॉम्प्युटर घेतला आणि त्याला इमारतीचा राखणदार केलं. आतलं बाहेर जाणारं, बाहेरचं आत येणारं, सगळं त्याच्यातून. चुकली, पुसलं, पुन्हा केलं. मग पडद्यावर इमारतीचा नकाशा उमटवायला शिकली. जे यंत्र चालू, त्याचा ठिपका हिरवा. बंद, तर करडा.

त्यातलं एक बारकीला फार आवडलं. पिंग. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची, की त्या यंत्राला हाक जाते. ते जागं असेल तर जे पाठवलं तेच जसंच्या तसं परत पाठवतं.

"म्हणजे पोपट," बारकी म्हणाली.

"पोपटच. उत्तर आलं की एवढंच कळतं, तिथे कोणीतरी आहे."

"कोण ते?"

"ते नाही कळत."

बारकी हसली. तेव्हा ती हसायची.

वायरी जोडताना बारकी पलीकडच्या टोकाला असे. हिसक्यांची बोली वहिनीने तिला शिकवली नाही. का नाही, ते तिलाही सांगता येत नाही. बारकी आपली तोंडानेच ओरडायची, "आली गं आली!" सुतार शिडीवरून दचकायचा.

मग ती दुपार.

सुतार, रंगारी जेवायला बाहेर गेले होते. इमारत रिकामी. वहिनी तळमजल्याच्या खोलीत होती, जिथे सगळ्या वायरी एका पेटीत येऊन मिळतात. सगळ्या खोल्या जोडून झाल्या होत्या.

नकाशावर एक ठिपका जास्त होता...

नाव नाही. खोली नाही. हिरवा.

वहिनीने पेटीत पाहिलं. एका वायरीचा दिवा लुकलुकत होता. वायर भिंतीतून आलेली, जास्तीची गुंडाळी करून खाली ठेवलेली. टोकाला लाल दोरा. दादा प्रत्येक वायरीला तसा दोरा बांधत.

तिने पिंग केलं.

उत्तर आलं.

"बारके, सगळ्या खोल्या बघून ये. एखादं यंत्र कुठे राहिलंय का."

बारकी वरपर्यंत जाऊन आली. "काही नाही गं. सगळी टोकं जागच्या जागी आहेत."

वहिनीने ती वायर काढून हातात घेतली. सवयीने. आणि सवयीनेच दोन हिसके दिले.

थोडा वेळ काही नाही...

मग दोन हिसके परत आले.

बारकीने ते पाहिलं. वायर हललेली तिला दिसली. "दादा?" ती म्हणाली. "वहिनी, दादा आहे!"

वहिनीने तीन दिले. तीन आले. एक दिला. एक आला.

"हे ते नाहीत," वहिनी म्हणाली.

"कशावरून?"

"ते जे दिलं तेच परत कधी देत नसत. हे नुसतं आपलंच आपल्याला देतंय."

"पण देतंय ना!"

डॉक्टरबाईंना तिने सांगितलं, एक वायर जास्त आहे, दुसरं टोक सापडत नाही. हिसक्यांचं सांगितलं नाही.

"मग तोडून टाका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आजारी माणसांची माहिती असणार इथे. पलीकडे कोण आहे माहीत नाही, अशी वायर मला नको. काम माझ्या ताब्यात देताना ती नसली पाहिजे."

बारकी तोडू देईना. आधी भांडली. मग विनवण्या केल्या. "काम ताब्यात देईपर्यंत राहू दे गं. तुला काही वाटत नाही, पण मला वाटतं."

वहिनीला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. तिने वायर राहू दिली.

त्यानंतर बारकी कामाला येई, पण काम करत नसे. त्या पेटीजवळ जमिनीवर बसे. वायर बोटांभोवती, मग मनगटाभोवती. डबा तसाच घरी जाई. थट्टा बंद झाली. हाक मारली की उशिरा बघायची, जणू हाक लांबून आली.

आणि गुंडाळी लहान होत होती...

वहिनीला आधी वाटलं, भास आहे. मग तिने खडूने जमिनीवर गुंडाळीभोवती रेघ मारली. दुसऱ्या दुपारी रेघ आणि वायर यांच्यात तळहात मावेल एवढी जागा होती. कोणीतरी वायर आत घेत होतं. घाई न करता.

बारकी निजल्यासारखी बसली होती. वहिनीने वाकून वायर धरली आणि दोन हिसके दिले.

तीन आले.

वहिनीच्या हाताला ते कळलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी कळलं.

"बारके, तू शिकवलंस ह्याला?"

"काय?"

"दोनाला तीन."

"मला कुठे येतं तुमचं ते? मला कधी सांगितलंत दोघांनी?" बारकी म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. काहीच नव्हतं.

तेवढ्यात वायर ताठ होऊ लागली. हलकेच. एका लयीत. ताणून धरली... आणि सावकाश सैल.

झालं, चल घरी.

वहिनी जागची हलली नाही. बारकी मात्र उठली. तिला त्या खुणेचा अर्थ माहीत नव्हता, तरी उठली. वायरीचे वेढे मनगटावर तसेच. भिंतीपाशी गेली आणि त्या भोकाला गाल लावून उभी राहिली. वायर पुन्हा ताणली, या वेळी सैल झाली नाही. मनगट भिंतीला टेकलं. वेढे कातडीत रुतले. बोटं पांढरी पडली.

बारकी ओरडली नाही. ती चक्क हसत होती.

"बारके, सोड."

"जाऊ दे ना गं, वहिनी. तुला कुठे काय होतंय?"

वहिनीने कटर उचलला आणि मनगट आणि भिंत यांच्यामध्ये वायर तोडली.

तुटलेलं टोक भोकात शिरलं. झर्रकन नाही. काम संपल्यावर माणूस सामान आवरतो, तसं थोडं थोडं. नंतर आतून काही वाजलं नाही. बारकी खाली बसली आणि मनगटाकडे बघत राहिली.

दवाखाना सुरू झाला. चांगला चाललाय. भिंत फोडून पाहिली, आत वायर नव्हती, विटा होत्या. त्या इमारतीचं जाळं अजून वहिनीच सांभाळते. आणखी दोन जागची कामंही आली. तिला आता ते सगळं येतं.

बारकी शाळेत जाते, जेवते, मधूनच थट्टाही करते. मनगटावर वळ आहे, बांगडीसारखा. कधीतरी, मध्येच, एकच विचारते.

"तोडताना काही आलं होतं का गं?"

"नाही," वहिनी सांगते.

मला तिने खरं सांगितलं. कटरची धार वायरीला टेकली, तेव्हा एक हिसका आला होता. एकच.

धारेच्या दाबानेही वायर हलते, असं ती म्हणाली. किंवा जे शिकत होतं ते हेही शिकलं असेल, पहिल्या दिवशी तो एक हिसका तिनेच त्याला दिला होता. किंवा... एवढं बोलून तिने निवडलेली भाजी धुवायला घेतली. ती रडली नाही. मी वाट बघत होतो, पण नाही.

नकाशावर तो ठिपका अजून आहे. पेटीतली ती जागा रिकामी आहे, वायर नाही, मी स्वतः जाऊन पाहिली. तरी दिवा लुकलुकतो. ठिपका पुसायला तिला क्षणही लागणार नाही. पुसत नाही.

हाक द्यायला एक ओळ लिहायची असते. तीही ती लिहीत नाही.