दुसरी पट्टी

चेंडू आभाळातून पडला तो थेट ओल्या अक्षरांवर.

दाक्षायणीनं आधी वर पाहिलं. भिंतीपलीकडे क्लबचं स्क्वॉश कोर्ट होतं, त्याला छप्पर नव्हतं. चार उंच भिंती आणि वर सोलापूरचं जानेवारीतलं ऊन. मग तिनं खाली पाहिलं. पुढ्यात सागवानी पट्टी होती, काळ्या रंगावर सोनेरी अक्षरांची एक ओळ, आणि त्या ओळीच्या मधोमध आता चांगला चार बोटं लांब फराटा. सकाळभराचं काम मातीत गेलं होतं. चेंडू मात्र सोनेरी होऊन कडुनिंबाच्या बुंध्याशी जाऊन बसला होता.

भिंतीला वळसा घालून एक तरणा माणूस पळत आला. पांढरी विजार, घामानं अंगाला चिकटलेला सदरा, हातात रॅकेट. तिच्या हातातला ब्रश बघून तो जागीच थबकला. शेजारी पोत्यावर तिचे वडील, चनबसप्पा पेंटर, भिंतीला टेकून पेंगत होते.

"चेंडू द्या की," तो हळू आवाजात म्हणाला.

"आधी माझी ओळ द्या."

"कसली ओळ?"

"ही. बघा काय केलंय ते. कुणाचं नाव हाय देव जाणे, पण माणूस लई अपशकुनी असणार."

तो वाकला. एकेक अक्षर लावत त्यानं नाव वाचलं. "शिवशरण. मंद्रूपचा. हितलाच मार्कर हाय."

"तुमी वळखता त्याला?"

"व्हय. रोज आंघोळ घालतो त्याला."

समजायला तिला क्षणभर लागला. आणि समजलं तेव्हा कानापर्यंत लाल होऊन तिनं मान खाली घातली. इंग्रजी तिला कुठं वाचता येत होतं? क्लबातून चिठ्ठी येई, त्यावरची अक्षरं ती रांगोळीसारखी उतरवून घेई.

"आन् ब्रश तुमच्या हातात कसा?" त्यानं विचारलं.

तिनं पेंगणाऱ्या वडिलांकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "अप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पडलाय. कुणाला कळलं तर काम जाईल..."

"कुणाला कळंल? मी तर चेंडू शोधत हुतो," तो म्हणाला आणि तो सोनेरी चेंडू उचलून चालता झाला.

ही गोष्ट एकोणीसशे बत्तीसची. तेव्हा दर हिवाळ्यात मुंबई, पुणे, बेळगाव आणि शेवटी सोलापूर अशा चार क्लबांत मार्करांचे सामने होत. मार्कर म्हणजे साहेबांना स्क्वॉश शिकवणारा पगारी खेळाडू. वर्षभर त्यानं साहेबांशी खेळायचं आणि त्यांना फार वाईट वाटणार नाही इतपतच जिंकायचं. खरं म्हणजे बहुतेक वेळा हरायचंच. जीव तोडून खेळायची मुभा मिळायची ती या चार सामन्यांत. सोलापूरला जिंकणाऱ्याचं नाव क्लबच्या दिवाणखान्यातल्या मोठ्या बोर्डावर लागे. सव्वीस सालापासूनची सगळी नावं तिथं ओळीनं होती. फक्त एकतीसची खाच रिकामी होती, कारण त्याच्या आदल्या उन्हाळ्यात गावात मार्शल लॉ झाला आणि मग सामने भरवायचं कुणाला सुचलंच नाही.

आता या नावांची एक गंमत होती. सामना संपला की लगेच बक्षीस समारंभ, आणि रंग वाळायला तर दीड दिवस लागणार. म्हणून फायनलचे दोघे ठरले की दोघांच्याही नावाच्या पट्ट्या रंगवून ठेवायच्या. जिंकेल त्याची पट्टी बोर्डाच्या खाचेत जायची, हरेल त्याची खरवडून पुढच्या वर्षी पुन्हा वापरायची. खेळाडू फायनलच्या आधी दोन दिवस घाम गाळत, आणि त्यांच्या भिंतीपलीकडे कुणीतरी निमूटपणे त्यांच्या हरण्याचीही तयारी करत असे.

त्या वर्षी शिवशरण हरला. कराचीच्या दिलावरनं त्याला हरवलं. तेहतीसलाही दिलावरनंच, आणि चौतीसलाही.

तीन वर्षं दाक्षायणी हरलेली पट्टी खरवडायला म्हणून घरी न्यायची. मधल्या महिन्यांत क्लबातून निरोप यायचा, कोर्टावरच्या तांबड्या रेषा पुसट झाल्यात. रेषा इतक्या लवकर कशा पुसट होतात, हे विचारायची सोय नव्हती. बापलेक यायचे, ती रेषा ओढायची आणि शिवशरण रंगाचा डबा धरून उभा राहायचा. बोलणं थोडं आणि बघणं जास्त.

"वर्सभर हरायचा पगार घेता," चौतीसच्या हरण्यानंतर ती एकदा म्हणाली, "मग एक दिवस जिंकायला हात कसा वळंल?"

"तेच तर. हाताला सवय लागलीय." तो हसला. मग हसणं आवरून म्हणाला, "पण पुढच्या वर्सी बोर्डावर नाव लागलं की अप्पांकडं येतो. तुमाला मागायला... हरलेल्या तोंडानं येणार न्हाय."

"आन् न लागलं तर?"

त्यानं रॅकेट हातात फिरवली.

तिला आनंद झाला, आणि आनंदाहून जास्त राग आला. आपल्या जन्माचा निकाल या माणसानं खुशाल रबराच्या चेंडूवर टाकला होता. शिवाय अप्पांचं मन तिला ठाऊक होतं. घरात एकदा शिवशरणचा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले होते, "पोरगा आपल्यातला हाय, घर बी चांगलं. पण ज्या हातावर पूजेला इष्टलिंग घ्यायचं, त्या हातात आतड्याची तात?" रॅकेटच्या जाळीची तात जनावराच्या आतड्याची असते, हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.

मग पस्तीस साल उजाडलं. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा झाली. दुधनीच्या अडत दुकानदाराचं स्थळ सांगून आलं होतं आणि उद्या सकाळी ते पाहुणे होकार न्यायला येणार होते. आज फायनल होती. पुन्हा शिवशरण आणि दिलावर.

दाक्षायणीनं त्या वर्षी एक वेडेपणा केला. तीन वर्षं तिनं दोन्ही पट्ट्या रंगवल्या होत्या, आणि तीन वर्षं दुसरी, दिलावरची पट्टीच जिंकली होती. यंदा तिनं दुसरी रंगवलीच नाही. काळा रंग दिलेली कोरी पट्टी तशीच भिंतीला टेकून ठेवली.

"दोन्ही झाल्या?" अप्पांनी विचारलं.

"झाल्या."

"दे बघू."

तिनं पट्टी त्यांच्या हातात दिली. ते अक्षरांच्या उंचवट्यावरून बोट फिरवत गेले. तिनं ती परत घेतली, थोडा वेळ जाऊ दिला आणि तीच पट्टी पुन्हा त्यांच्या हातात ठेवली. अप्पांचं बोट या वेळी जरा सावकाश फिरलं.

"बरं लिवलंस," ते म्हणाले.

भिंतीपलीकडे सामना सुरू झाला. तिनं शिवशरणला खेळताना कधी पाहिलंच नव्हतं, पण तीन वर्षांत कान तयार झाले होते. दिलावरचा चेंडू भिंतीवर धप्पकन बसायचा. शिवशरणचा टिचकी मारल्यासारखा. वर गॅलरीतून पंच गुण पुकारत होता. नऊ गुणांचा एक डाव, पाचातले तीन जिंकायचे. पहिला दिलावरनं घेतला. दुसरा आणि तिसरा शिवशरणनं. चौथा पुन्हा दिलावरनं.

पाचवा सुरू झाला. सात-सात. आठ-सात. मग आठ-आठ, आणि गॅलरीतली कुजबुज एकाएकी थांबली. धप्प... टिक. धप्प... टिक. हे इतका वेळ चाललं की तिला श्वास घ्यायचंही भान राहिलं नाही. समोरच्या भिंतीला खाली पत्र्याची पट्टी असते, चेंडू तिला लागला की गुण गेला. टिक. धप्प. आणि मग पत्रा खणखणला.

त्याच्या आधी धप्प झालं होतं. म्हणजे पत्र्यावर मारणारा शिवशरण होता. टाळ्या वाजल्या आणि पंचानं दिलावरचं नाव पुकारलं.

क्लबचा पट्टेवाला महिपती धावत आला. "दिलावरची पट्टी द्या. साहेब बोर्डापाशी उभे हाईत."

"न्हाय," दाक्षायणी म्हणाली.

"न्हाय म्हंजे?"

"रंगवली न्हाय."

महिपती आ वासून बघत राहिला. मग चनबसप्पांकडे वळून म्हणाला, "पेंटर, धा मिनटं हाईत. घ्या लिवायला, न्हायतर उद्यापास्नं काम गेलं म्हणून समजा."

अप्पांनी ब्रशसाठी हात पुढे केला. तो हवेतच चाचपडत राहिला. महिपतीनं तो हात बघितला, त्यांचे डोळे बघितले, आणि त्याच्या चेहऱ्यावर सगळा उलगडा झाला. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. दाक्षायणीनं ब्रश सोनेरी रंगात बुडवला आणि कोरी पट्टी पुढ्यात ओढली. दिलावरच्या नावाची अक्षरं तिला तोंडपाठ होती. तरी पहिली रेघच वाकडी गेली.

तेवढ्यात समोर कुणीतरी बसलं. गळ्यात टॉवेल, चेहरा घामानं निथळलेला. शिवशरणनं वाकडी रेघ टॉवेलच्या टोकानं पुसली, पट्टी आपल्या गुडघ्यांवर घेतली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"मी धरतो," तो म्हणाला. "लिवा."

ती लिहू लागली. ज्यानं त्याला हरवलं त्याचं नाव, त्याच्याच गुडघ्यांवर.

"सोपा मारायचा हुता," ती मान वर न करता म्हणाली.

"वर्सभर सोपाच मारतो की."

"मग आता... येणार न्हाय तुमी."

"बोललो हुतो तुमाला. हरलेल्या तोंडानं—"

"मग मीच बोलते." ब्रश आता सरळ चालत होता. "तीन वर्सांच्या तीन पट्ट्या खरवडायला नेल्या मी. एक बी खरवडली न्हाय. घरात कणगीमागं हाईत. आजची चौथी. क्लबच्या बोर्डावर तुमचं नाव नसंल, माझ्या घरात चार ओळी हाईत. आता आनखी कुटल्या बोर्डासाठी थांबलाय तुमी?"

पट्टी हलली.

"हलू नका."

"तुमीच हलवलं की," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

शेवटचं अक्षर झालं. महिपतीनं ओली पट्टी दोन्ही कडांना धरून पळवली. आत टाळ्या झाल्या. बऱ्याच वेळानं महिपती परत आला.

"साहेबांनी इचारलं, अक्षर कुणाचं. सांगितलं मी खरं." दाक्षायणीनं पदर मुठीत आवळला. "म्हणाले, कुणाचं का असंना, चांगलं हाय. पण पुढच्या वर्सी दोन्ही पट्ट्या पायजेत."

तो गेला. अप्पांनी घसा खाकरला.

"एकच पट्टी मला दोनदा दिलीस. डोळे गेलेत माझे, बोटं न्हाय गेली. आन् खरवडलेल्या पट्ट्या घरात न्हाईत म्हणून दर वर्सी नवं सागवान आणतोय, ते काय उगंच? पयल्या दिवशी चेंडू पडला तवा बी मी जागाच हुतो."

दाक्षायणीला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"दुधनीला उद्या न्हाय म्हणून सांगतो," अप्पा म्हणाले. मग तिच्या हातातला ब्रश घेऊन चाचपत स्वतःशीच बोलल्यासारखे पुटपुटले, "आतड्याची तात म्हणं... चाळीस वर्सं खारीच्या शेपटीच्या केसांच्या ब्रशावर पोट भरलं मी. आन् त्याच हातावर लिंग घेतलं."

शिवशरण उठून त्यांच्यापुढे आला. "अप्पा, मी हरून आलोय. हरलेल्या तोंडानं मागितलं तर चालंल?"

"तोंड जिकलेलं का हरलेलं," चनबसप्पा म्हणाले, "मला कुटं दिसतंय?"

उन्हं कलली होती. अप्पा काठी टेकत फाटकाकडे निघाले. मागं वळून बघायचा प्रश्नच नव्हता. शिवशरणनं भिंतीला टेकलेली आपल्या नावाची पट्टी उचलायला हात घातला.

"चल, घरापतूर मी घेतो," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्यानं तिला एकेरी हाक दिली होती, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं होतं.

पट्टी कालच वाळली होती. तिला ते माहीत होतं, आणि पट्टीवर बोट ठेवल्यावर त्यालाही कळलं.

"थांबा जरा," दाक्षायणी म्हणाली. "ओली हाय अजून."

आणि तो थांबला.