कडी घालण्याआधी

"कडी घालण्याआधी हाक मारायची, बींदणी. आत कुणी नाही हे माहीत असलं तरी मारायची. आणि ओ आली, तर कडी घालायची नाही."

लाडबाईंनी हे आपल्या सुनेला, चंदनबाईंना, लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं. परसातल्या धुराच्या खोलीकडे बोट दाखवून सांगितलं. का, ते मात्र सांगितलं नाही. पुढं लाडबाई गेल्या, आणि ते 'का' त्यांच्याबरोबरच गेलं.

ही घटना खरी आहे.

चंदनबाई माझ्या सासूबाई. खोटं न बोलण्याचा नियम त्यांनी लहानपणीच जैन साधू महाराजसाहेबांसमोर घेतला होता, आणि शेवटच्या दिवसापर्यंत पाळला. ही हकीकत त्यांनी मला एकदाच सांगितली. मी तिच्यात पदरचं काही घातलेलं नाही. घालायची हिंमतही नाही.

साल १९५२. गाव अंबड. कार्तिकातली वद्य त्रयोदशी, दिवेलागणीची वेळ. माझे मिस्टर तेव्हा पाळण्यात होते.

सासरे किशनलालजी यांचं तंबाखूचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर, त्यामागं परस, आणि परसाच्या टोकाला ती धुराची खोली, तंबाखूच्या पानांना धुरी द्यायची. तिला खिडकी नव्हती. छताखाली हाताएवढा झरोका, जमिनीत विस्तवाचा खड्डा, आणि एकच दार. दाराला कडी बाहेरून. वाऱ्यानं दार उघडलं तर धूर निघून जातो, म्हणून.

कित्येक वर्षं त्या खोलीत विस्तव पेटला नव्हता.

मग एक दिवस कोर्टातले एक वकीलसाहेब दुकानात आले. ते पाइप ओढायचे. त्यांचे डबे पूर्वी हैदराबादहून यायचे. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, तेव्हापासून ते येणं थांबलं.

"किशनलाल, तुमच्या या पत्तीनं नुसतं तोंड कडू होतं," ते म्हणाले. "मला धुराची चव पाहिजे. कडक पाहिजे. जमतंय का, की नुसतंच पुड्या बांधणार जन्मभर?"

टोमणा बराबर लागला.

किशनलालजींनी निपाणीची काळी पत्ती मागवली. तिच्यावर गुळाचं पाणी शिंपडलं. धुराची खोली झाडून घेतली, दोऱ्यांवर पानं टांगली, खाली बाभळीची ओली लाकडं धुमसत ठेवली.

संध्याकाळी कडी घालायला त्यांचा जुना गडी कडूबा गेला. दार अर्धं ओढून त्यानं आत तोंड घातलं.

"कोण हाय का आत?"

थांबला. परत हाक मारली. परत थांबला.

किशनलालजी हसले. "अरे कडूबा, पानं काय ओ देणार का तुला?"

"न्हाई देत, शेटजी," कडूबा म्हणाला. "तरी बी इचारावं."

मगच त्यानं कडी घातली. पुढं रोज असंच.

माल तयार झाला. वकीलसाहेब डबा घेऊन गेले आणि दुसऱ्याच सकाळी दुकानात हजर.

"काय चीज केलीय, शेट! एकदम कडक. पण..."

"पण काय?"

"ओसरीवर बसून ओढली. उघड्यावर. चार झुरके झाले आणि मला वाटलं, दार बंद आहे. उठून दार शोधायला लागलो. बायको म्हणते, मी भिंत चाचपत होतो..."

किशनलालजींनी बरणीतली पत्ती चिमटीत घेऊन हुंगली.

वकीलसाहेबच हसले. "कडक आहे, दुसरं काय! अजून एक डबा करा. आणि आपला माल एकदा स्वतः ओढून पाहा हो. हलवायानं कधीतरी जिलबी खावी."

चंदनबाई आतून ऐकत होत्या. त्यांना तंबाखूचा धंदाच पटत नव्हता, पण त्या कधी बोलल्या नाहीत. किशनलालजी विकत होते, ओढत मात्र नव्हते. तेवढ्यावर त्यांचं समाधान होतं.

त्रयोदशीला ते समाधान संपलं.

सूर्य मावळण्याआधी जेवण झालं. चंदनबाई मागच्या खोलीत सामायिकाला बसल्या. सामायिक म्हणजे एका आसनावर दोन घटका स्थिर बसायचं. संसाराचं बोलायचं नाही, रेती संपेपर्यंत उठायचं नाही. समोर रेतीचं घड्याळ. बाजूला खिडकी, आणि खिडकीतून परस दिसायचं.

त्यांनी पाहिलं. किशनलालजी धुराच्या खोलीपाशी आले. कडूबा बैलांना पाणी पाजायला गेलेला. त्याची चिलीम किशनलालजींच्या हातात होती.

त्यांनी दार ओढलं.

हाक मारली नाही.

कडी घातली आणि दुकानाकडे निघून गेले. जाताना त्यांच्या जोड्यांचा करकर आवाज चंदनबाईंनी ऐकला. दुकानाचं दार वाजलेलं ऐकलं.

चंदनबाईंची नजर कडीवर गेली. पण ओठ नवकार मंत्र म्हणत राहिले. रेती पडत राहिली.

जरा वेळानं दुकानाकडून तंबाखूचा वास आला. गोड... जळका... उग्र.

मग सगळं गप्प झालं.

किडे ओरडायचे थांबले. पाळण्याची कुरकुर थांबली. झाडावरची चिमणीसुद्धा बोलेना.

आणि परसाकडून...

थाप.

हळू. आतून दारावर मारलेली.

चंदनबाईंनी डोळे मिटले. भास असेल, सामायिकात मन ओढायला असंच काहीतरी येतं, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

परत थाप. आता दोन हातांनी.

"शांतीची आई..."

आवाज किशनलालजींचा होता. ते बायकोला लेकाच्या नावानं तशीच हाक मारायचे.

पण किशनलालजी दुकानात होते. कडी घालून जाताना चंदनबाईंनीच पाहिलं होतं. माणूस स्वतः बाहेरून कडी घालून आत कसा जाईल?

"शांतीची आई... दार सापडंना..."

रेती अर्धीही पडली नव्हती. कधी मोडला नव्हता तो नियम. उठलं तर सामायिक मोडतं. न उठलं तर... आणि ते तिथं नसतीलच तर? दुसरंच कुणी त्यांच्या आवाजात बोलवत असेल तर? आसनाच्या चार कडा त्यांना चार भिंतींसारख्या वाटायला लागल्या. श्वास पुरेना. सासूबाई मला म्हणाल्या होत्या, "खोलीत ते होते गं, पण कोंडलेली मी होते."

आतून खोकला आला. लांबलचक. मग थापा मंदावल्या.

चंदनबाई उठल्या.

अनवाणी परस ओलांडून त्या दारापाशी गेल्या. फटींतून धूर येत होता. हात कडीकडे गेला आणि लाडबाईंचा शब्द आठवला. हाक मारायची. नवऱ्याचं नाव त्यांनी आयुष्यात उखाण्याशिवाय तोंडानं घेतलं नव्हतं.

त्यांनी ते घेतलं. मोठ्यानं.

"किशनलाल!"

ओ आली.

एक दाराशी, अगदी जवळून.

आणि एक... लांबून. त्या खोलीची लांबी तेवढी नव्हतीच, एवढ्या लांबून.

दोन ओ.

त्यांनी कडी काढली. धुराचा लोट अंगावर आला. उंबऱ्याला किशनलालजी पालथे पडले होते. दहाही नखं काजळीनं काळी. चंदनबाईंनी काखेत हात घालून त्यांना ओढलं. कुठून बळ आलं, त्यांनाच कळलं नाही. अर्धं अंग बाहेर आलं, मग पाय आले.

तेव्हा धुरातून, अगदी दमलेल्या आवाजात कुणीतरी म्हणालं...

"अन् म्या?"

आत काही दिसत नव्हतं. पानं हलत होती. वारा नव्हता.

चंदनबाईंच्या तोंडून निघालं, "येते. तुझ्यासाठी परत येते."

दार हळूच आपसूक लागलं.

कडूबा पाणी घेऊन धावत आला. किशनलालजी वाचले. आवाज मात्र बसला तो बसलाच. दुकानात गादीवर त्यांची टोपी होती, शेजारी चिलीम, अजून धुमसत. त्यांनी खाणाखुणांनी सांगितलं ते एवढंच: कडी घातली, दुकानात येऊन बसलो, चार झुरके घेतले. डोळे उघडले तर अंधार, धूर, आणि कुणाचा तरी हात आपल्या हातात.

सकाळी त्यांनी धुराच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली उशाखाली ठेवली. गवंड्याला निरोप गेला. उद्या दार विटांनी बुजवायचं. दुपारीच विटा येऊन पडल्या.

चंदनबाई कडूबाजवळ गेल्या. तो विटांकडे बघत बसला होता.

"कोण आहे तो, कडूबा?"



"भाऊ माझा, बाई. रामकिसन. मोठ्या शेटजींच्या वक्ताला पानं पलटवायला आत गेल्ता. थकला व्हता, तितंच डोळा लागला. बाहेरून कडी पडली. कुणी हाक मारली न्हाई."

"आणि तरी तू इथंच कामाला राहिलास?"

"हाक माराया कुणीतरी लागतंच की." त्यानं पागोट्याच्या शेवानं तोंड पुसलं. "रोज मारून राह्यलो. खोली बंद व्हती तवा बी. मला एक डाव ओ दिली न्हाई त्यानं. तुम्हाला दिली?"

खोटं न बोलण्याचा नियम होता.

"दिली."

"काय म्हनला?"

त्यांनी सांगितलं.

"मंग तुम्ही काय म्हनलात?"

"येते म्हणाले."

 कडूबा उठला आणि दारापुढं रचलेल्या विटा एक-एक करून बाजूला ठेवायला लागला.

त्या संध्याकाळी शेवटी काय झालं, ते सासूबाईंनी मला सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्या माळ ओढत राहिल्या. नियम खोटं न बोलण्याचा होता; गप्प राहायला त्यात मनाई नव्हती. आमच्याकडे मात्र आजही कोठीचं दार लावण्याआधी हाक मारतात. मीही मारते. मारते आणि ओ यायच्या आत पटकन कडी घालते. हे बरोबर नाही, कळतं. पण थांबायला धीर होत नाही.

तर त्या संध्याकाळचं, त्यांनी सांगितलं तेवढं.

सूर्य मावळला. किशनलालजींना ग्लानी आली होती. चंदनबाई सामायिकाला बसल्या. परसाकडून थापा येत होत्या. घाई नसलेल्या. कुणी वाट पाहत बसावं तशा.

त्या उठल्या नाहीत. आदल्या दिवशी मोडलेलं आज पुरं करायचं होतं. रेतीचा शेवटचा कण पडला. त्यांनी विधीनं सामायिक संपवलं, आसनाची घडी घातली. बाळाच्या अंगावर पांघरूण सारखं केलं. नवऱ्याच्या उशाखालून आवाज न करता किल्ली काढली.

मागच्या दारात कडूबा उभा होता. त्यानं वाट दिली.

चंदनबाई अनवाणी परसात उतरल्या आणि पदर सावरून धुराच्या खोलीकडे चालू लागल्या.

आतली थाप थांबली.

पावलं ऐकून कुणीतरी उठून उभं राहावं, तशी.