धवल्यातलं नाव

"काढा... हा काढा हिनं केला?"

सखुबाईंच्या जेमतेम सुटू लागलेल्या गळ्यातून शब्द घरघरत बाहेर आले आणि पुढच्याच क्षणी हातातला स्टीलचा डबा मोरीत उपडा झाला! उंबरठ्याबाहेर उभी असलेली मेलिंग जागच्या जागी थिजली. मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेलं सूप तिच्या डोळ्यांदेखत वाहून चाललं होतं आणि सासूबाईंनी तोंडावर पदर दाबला होता.

"मना बाटवलंस गो!" त्या कळवळल्या. "धवलारीन हाय मी! लगीन होईतो मच्छी-मटनाला शिवत नाय, आन् तू मना चायनीज पाजतंस?"

ठाण्यातल्या बाळकुमचं हे आगरी घर. धाकट्या लेकीचं, कल्पिताचं लग्न तोंडावर आलेलं आणि नेमका सर्दीनं सखुबाईंचा गळा धरलेला! आगरी लग्नात भटजी नंतर, आधी धवलारणीचं गाणं, आधी धवला. साऱ्या गावच्या पोरी गाऊन उजवणारी ही बाई स्वतःच्या लेकीच्या मांडवात मुकी बसणार, या धास्तीनं घराचा जीव टांगणीला लागला होता. औषधं झाली, गुळण्या झाल्या, काही उपयोग होईना. शेवटी कल्पितानं गुपचूप वहिनीला फोन केला आणि मैत्रिणीकडचा काढा म्हणून रोज डबा आणू लागली. आज आईच्या तोंडून दोन शब्द धड निघाले, तेव्हा त्या भाबड्या पोरीनं हरखून वहिनीला दारापर्यंत आणलं आणि खरं ते सांगून टाकलं.

वहिनी! मेलिंगच्या वडिलांचा टेंभी नाक्याजवळ दातांचा दवाखाना. तिचा जन्म ठाण्याचा, शाळा ठाण्याची, बोलणं ठाण्याचं... नाव आणि डोळे तेवढे पणजोबांच्या चीनचे. सखुबाईंच्या लेकानं, हर्षितनं तिच्याशी लग्न करीन म्हटलं, तेव्हा सखुबाई एवढंच बोलल्या होत्या, "कर. पन मी धवला गानार नाय." आणि खरंच नाही गायल्या! रजिस्टर लग्न झालं, वागळे इस्टेटमागच्या भाड्याच्या घरात संसार सुरू झाला, आणि सहा वर्षांत हा उंबरठा मेलिंगला ओलांडता आला नाही.

आज मात्र तिनं तो ओलांडला. मोरीशी बसून तिनं सांडलेले तुकडे ओंजळीत गोळा केले. "आई, बघा तरी... ही नासपती. ही वाळवलेली लाल बोरं. या कमळबिया. आणि हे पांढरं फुलासारखं दिसतंय ना, ती अळंबी. बाकी खडीसाखर आणि पाणी! सर्दी गळ्यात उतरली की माझी आजी हेच द्यायची. तुमचं पथ्य सुरू झालं, तसं मी घरात अंडंसुद्धा शिजवलं नाही हो... भांडंदेखील नवं आणलं!"

सखुबाईंनी वाकून त्या ओंजळीत पाहिलं. "माज्यासाटी? कशाला गो?"

"माझ्या लग्नात कुणी गायलं नाही, आई." मेलिंग म्हणाली. "अजून वाटतं, आपलं लग्न अर्धंच राहिलंय. कल्पिताचं तसं नको व्हायला. रोजचा डबा तेवढा घ्या... मी लग्नाला येणार नाही, तुम्हाला तोंडही दाखवणार नाही! पण तुम्ही गा."

मेलिंग डोळे पुसत जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी डबा रिकामा परत आला. तिसऱ्या दिवशीही. प्यायल्या की पुन्हा मोरीत ओतला, हे कल्पिताला विचारायचा धीर मेलिंगला झाला नाही.

हळदीच्या दिवशी हर्षित भाऊ म्हणून मांडवात गेला. मेलिंग दिलेल्या शब्दाला जागून रस्त्यापलीकडच्या मेडिकलच्या पायरीवर थांबली. नुसता आवाज ऐकायचा आणि परत फिरायचं, एवढंच तिनं मनाशी ठरवलं होतं.

वाजंत्री थांबली. माईक खरखरला. आणि मग... सखुबाईंचा आवाज उठला! खणखणीत, मोकळा, जणू सर्दी कधी झालीच नव्हती! मेलिंगच्या डोळ्यांना धारा लागल्या. प्यायल्या होत्या तर! देवांना आवतण झालं, पितरांना झालं, आता नवरा-नवरीची नावं यायची...

"हर्षित," आवाज म्हणाला. "...मेलिंग."

मेलिंग पायरीवरून खाली उतरली. मांडवातून कुणीतरी ओरडलं, "सखुमावशी, चुकलंस गो! नवरी कल्पिता हाय!"

"चुकले ती सा वर्सांपूर्वी!" माईकवरूनच सखुबाई कडाडल्या. "ह्यो गला तिनं दिलाय मना. यावर पयला हक तिचा हाय. हर्षित, उबा काय ऱ्हायलास? आन माज्या सुनेला!"

हर्षितनं मेलिंगला रस्त्यापलीकडून हाताला धरून आणलं. साधे कपडे, पायात घरातल्या चपला, सारं गाव बघतंय... तिला काहीच कळत नव्हतं. कल्पिता हळदीच्या पाटावरून उठली. "बस वहिनी," ती म्हणाली. "आधी तुझी."

सखुबाईंनी मेलिंगच्या गालाला हळद लावली, घसा खाकरला आणि अर्धवट राहिलेली ओळ पुन्हा पहिल्यापासून धरली.