बटाटेवाल्या बाईंचा मुलगा

दार ओढून घ्या रे, धुकं आत येतंय. केबल कार बंद झाली, आता सकाळशिवाय वर जायचं नाही. पायऱ्यांनी तर नाहीच. रात्री त्या पायऱ्या उतरून आलेला एक माणूस मी माझ्या खाणावळीच्या याच दारात पाहिलाय.

दोंग यूताओ त्याचं नाव. आमच्याच अमेई पर्वतावरचा. त्याची आई शिखरावरच्या देवळाखाली, वळणावर, भाजलेले बटाटे विकायची. तिखट असं लावायची की माकडंसुद्धा तिच्या टोपलीच्या वाटेला जात नसत. त्या बटाट्यांवर तिने पोराला चेंगदू शहरात शिकवलं. तो मोठ्या नोकरीला लागला, लग्न जमलं. मुलीकडच्यांना सांगून बसला की आई शाळेत शिकवायची.

ती मंडळी एकदा डोंगर बघायला आली. देवळात उदबत्त्या लावल्या, पश्चिमेची बर्फाची शिखरं पाहिली, खुशीत खाली उतरत होती. तेवढ्यात वळणावरून हाक आली, "ताओ, अरे जेवलास का?"

सासरा थांबला. "ओळखीच्या आहेत?"

"नाही," ताओ म्हणाला. "आजीबाई, चुकलात तुम्ही."

ती बघत राहिली. मग हसली. "हो हो, डोळे अधू झालेत माझे. माझा पोरगाही असाच उंच आहे." आणि सगळ्यांच्या हातावर एकेक गरम बटाटा ठेवला. त्याच्याही.

त्याच हिवाळ्यात ती गेली. मातीला तो आला, पण एकटाच. घरी सांगितलं, कामासाठी चाललोय.

मग दोन वर्षांमागे, सातव्या महिन्याच्या पुनवेला, आपण मेलेल्यांसाठी कागदी पैसे जाळतो ना, त्या दिवशी तो तिच्या नावाने पूजा सांगायला वर गेला. भिक्खूने विचारलं, "तुमच्या कोण?" मागे शहरातल्या माणसांची रांग. याने मागे पाहिलं. म्हणाला, "गावाकडच्या एक."

बाहेर आला तर वाऱ्यामुळे केबल कार बंद. सकाळी कामावर हजर व्हायचं होतं, म्हणून पायऱ्यांनी निघाला. अंधारलं. पाऊस लागला. थोड्या वेळाने मोबाइलही मेला.

तेव्हा पुढे उजेड दिसला.

कोणी बाई पाठीला टोपली लावून उतरत होती. हातात टॉर्च. हा थांबला की उजेड थांबे. हा चालला की चाले. दरीच्या वळणावर ती बाजूला सरली आणि टॉर्च मागे करून याच्या पायापुढच्या पायरीवर धरला.

ते धरणं त्याने ओळखलं. लहानपणी रात्री उतरताना आई असाच धरायची.

"आई..."

नुसता पाऊस.

"आई, मी ताओ."

ती वळली नाही. हलक्या आवाजात म्हणाली, "हळू बोला, बाबा. मागे तुमची माणसं असतील."

रागाने नाही रे. त्याला सांभाळून घेत होती... मेल्यावरही.

मग तो ओरडत सुटला. ही माझी आई आहे, ही माझी आई आहे. रिकाम्या डोंगराला. ऐकायला कोणी नव्हतं. उजेड तेवढा पुढे चालत राहिला... आणि माझ्या दारातला दिवा दिसला तेव्हा... नव्हता.

मी दार उघडलं. नखशिखांत भिजलेला. मान खाली.

"मामा, मी तिला..." मग दारातच त्याने सगळं सांगितलं.

मी विचारलं, "हात धरून आणलं का तिने तुला?"

"नाही. शेवटपर्यंत पुढेच होती. जवळ येऊच दिलं नाही."

त्याचा कोट काढून मी दिव्याखाली नेला. पिळला असता तर पाण्याची धार लागली असती. मागची बाजू उजेडात धरली.

दोन खांद्यांच्या मधोमध एक जागा कोरडी होती. लहानशी. पाच बोटं... बाईमाणसाच्या पंजाएवढी.

मी हात लावून पाहिला.

उबदार होती.