खाली पुठ्ठा घालायचा म्हणावं

रविवारची संध्याकाळ, परका मुलुख, आणि खुर्चीचा नंबर काही सापडेना.

तिनं तिकीट उलटं धरलं, सुलटं धरलं. खुर्च्या घडीच्या होत्या, नंबर खडूनं लिहिलेले आणि निम्मे पुसलेले. पुढच्या रांगेतल्या एका माणसानं तिची ही शोधाशोध पाहिली आणि मागच्या खुर्चीवर टाकलेला आपला कोट झटकन उचलला.

"माफ करा, तुमची जागा मीच अडवली होती," तो इंग्रजीत म्हणाला. आणि लगेच शेजारच्या बाईंकडे वळून, "आई, पिशवी खाली ठेव गं, मांडीला रग लागेल."

मराठी! फोनवर रोज ऐकायची ती, पण फोनमधली मराठी म्हणजे बरणीतलं फूल. ही समोर, हाताच्या अंतरावर, ओली, ताजी. चौदा दिवसांनी कानावर पडलेली. 'अहो, मी पण...' असं म्हणायला तिनं तोंड उघडलं, तोवर दिवे गेले. राहिलं ते राहूनच गेलं.

ती दात बनवायची. डेंटल लॅबमध्ये कवळ्या, एकेकटे दात, पुढचे, दाढेचे, सगळे. दात केसभर उंच झाला तर माणसाला घास चावत नाही. म्हणून केसभरही चुकायचं नाही, ही तिच्या हाताची सवय. हातातून ती कधी जिभेवर चढली, कळलं नाही. लॅबमध्ये सगळे तिला मिलिमीटर म्हणत. विचारलं तर खरं सांगायची, न विचारताही सांगायची. जुळत आलेली एक सोयरीक तिनं अशीच घालवली होती. होणाऱ्या सासूबाईंना म्हणाली, "तुमची वरची कवळी सैल आहे, हसताना खाली येते." येत होतीच. पण लग्न मात्र झालं नाही.

दात कोरायचं नवं यंत्र शिकायला लॅबनं तिला पाच आठवडे इथे पाठवलं होतं. शिकवणाऱ्या बाईंनी हे तिकीट हातात ठेवलं. म्हणाल्या, "स्टँडअप कॉमेडी आहे. जा, लोक हसतात कसे ते बघ. दात पाहायला तरी जा!"

रंगमंचावर एक उंच बाई आली. पिवळा कोट, लाल बूट, हातात माईक. आली तीच बोलत. लोक हसले, मिलिमीटरही हसली, पण अर्ध्या श्वासानं उशिरा.

आणि मग पुढच्या रांगेतून कुजबुज सुरू झाली.

बाई सांगत होती, तिचा नवरा आंघोळ करून तसाच, अंगावर धागाही न घेता खोलीत आला आणि तिची ऑफिसची व्हिडिओ मीटिंग चालू होती. सभागृह फुटलं.

"काय म्हणाली रे?" आईनं विचारलं.

त्याचा हात कानाकडे गेला. त्याच्या मानेवरून मिलिमीटरला कळलं की आत काहीतरी जुळवाजुळव चाललीय.

"तिचा नवरा... टोपी न घालता मीटिंगमध्ये आला."

"टोपीला एवढं हसायचं?"

"इथे थंडी फार ना गं. टोपीला मान आहे."

"हो का? तरीच जावयानं आल्या आल्या माझ्या डोक्यावर टोपी ठेवली."

मिलिमीटरनं ओठ दाबले. हसू आलं ते गिळलं. गिळलं ते डोळ्यांत आलं.

मग तिला मंचावरचं ऐकूच येईना. तिकडची बाई जे उघडं करी, ते हा माणूस इकडे धुऊन, वाळवून, घडी घालून आईच्या मांडीवर ठेवी. पोहण्याच्या तलावाचा झाला दवाखाना, हॉटेलची खोली झाली ग्रंथालयाची. अवघड वळण आलं की तो कान खाजवायचा. आणि गोष्ट जमली की गर्रकन आईच्या चेहऱ्याकडे बघायचा— हसली का? ते बघणं मिलिमीटरला बाजूनं दिसे. फार देखणं होतं. खालचा उजवा सुळा किंचित वाकडा, पण ते असो.

मग बाईनं पलंगाची गोष्ट काढली. भाड्याची खोली, पातळ भिंती, नवा मित्र, जुना पलंग. माईकचा दांडा दोन्ही हातांनी धरून तिनं असा काही गदागदा हलवला, की सांगायला शब्दच नकोत.

"आणि हे रे?" आई.

त्यानं कान खाजवला. पुन्हा खाजवला.

"वॉशिंग मशीन."

"काय?"

"तिच्या खोलीतलं वॉशिंग मशीन गं. फिरायला लागलं की असं हलतं... खालचे लोक काठीनं छत ठोकतात."

मंचावर बाई थांबली होती. खरा तडाखा द्यायच्या आधी असे लोक थांबतात, सगळं सभागृह श्वास धरून बसतं. त्या टाचणी पडेल अशा शांततेत आई विचार करून म्हणाली,

"खाली पुठ्ठा घालायचा म्हणावं. चार घड्या करून."

मिलिमीटर फुटली. धरण फुटावं तशी फुटली. दोनशे माणसं गप्प आणि ती एकटी, खुर्चीला धरून, खिदळतेय.

"अहो दुसऱ्या रांगेतल्या बाई," मंचावरची म्हणाली, "अजून गमतीचं सांगितलंच नाही मी."

"मी तुमच्यामुळे नाही हसले," मिलिमीटर म्हणाली. खरं होतं ना ते!

"ओहो! मग कुणामुळे?"

तिची नजर पुढच्या रांगेवर गेली, तसा तो गर्रकन मागे वळला. आता अगदी समोरासमोर, डोळ्याला डोळा. हिला मराठी येतं, हे त्याच्या चेहऱ्यावर उजाडलं आणि पाठोपाठ भीती. त्यानं मान हलवली, अगदी एवढीशी. नको.

पण मिलिमीटरच्या जिभेला थांबा कुठे होता? तिनं सांगून टाकलं. मुलगा कसा सगळं स्वच्छ करून सांगतोय, पलंगाचं मशीन कसं झालं, आणि त्याच्या आईनं पलंगाखाली काय घालायला सांगितलंय.

छप्पर उडालं नाही एवढंच. लोक मांड्या थोपटत होते. पिवळ्या कोटाची बाई खाली उतरून आईंपुढे गुडघा टेकून बसली, "आयुष्यभर हा सल्ला शोधत होते मी!" टाळ्यांवर टाळ्या. आई इकडेतिकडे पाहत सगळ्यांना नमस्कार करत होती.

त्याचे कान लाल झाले होते. तो समोर बघत बसला, ताठ.

आणि पुढचा अर्धा तास त्यानं आईला एकही गोष्ट रचून सांगितली नाही.

आईनं दोनदा विचारलं, "काय म्हणाली रे?" दोनदा तो म्हणाला, "काही विशेष नाही." लोक हसत होते, त्यांच्यामध्ये ती माउली हात मांडीवर घेऊन नुसती बसली होती. मिलिमीटरला वाटलं, कुणाच्या घरातला लागलेला दिवा आपण फुंकर घालून विझवला. विनोद कानावर येत होते, पण आता सगळेच बेचव.

खेळ संपला. बाहेर अजून भरपूर उजेड होता. इथला दिवस मावळायला तयारच नसायचा. दालनात कोट घ्यायची रांग लागली, तिकडे तो आईचा कोट आणायला गेला. मिलिमीटर माफी मागायला पुढे झाली, तोच तिचं मनगट कुणीतरी पकडलं.

"इकडे ये पोरी, खांबाआड. हसलीस तेव्हाच ओळखलं, मराठी आहेस ते," आई म्हणाली.

"काकू, माझं चुकलं. मी असं चारचौघांत..."

"ते राहू दे. वेळ थोडा आहे. मी काय नोकरी केली, ठाऊक आहे?"

"नाही."

"चौतीस वर्षं प्रसूतिगृहात नर्स होते. किती बाळं या हातांवर झेलली, मोजदाद नाही. आणि हा मला वॉशिंग मशीन सांगतोय!"

मिलिमीटरनं डोळे विस्फारले. "म्हणजे... तुम्हाला कळत होतं?"

"तिचं इंग्रजी नाही कळलं. हातवारे कळले. त्या हातवाऱ्यांना काय भाषा लागते?" आईचे खांदे हलायला लागले. "पुठ्ठा मुद्दाम म्हणाले मी. एवढं गोड रचत होता, म्हटलं आपणही एक वीट ठेवावी."

"अहो, मग त्यांना सांगून टाका! ते रागावलेत. त्यांना वाटतंय मी तुमचं हसं केलं."

"नाही सांगायचं." मनगटावरची पकड घट्ट झाली. "घरात काही वाईट घडलं, कुणी वाकडं बोललं, की हा आधी ते पुसतो, मग माझ्यापुढे आणतो. लहानपणापासून. मला सगळं कळतं हे त्याला कळलं, तर पुन्हा कधी सांगेल का तो मला अशी गोष्ट? तू बोलायचं नाहीस. शब्द दे."

"काकू, मला खोटं बोलता येत नाही."

"गप्प तर बसता येतं?"

तेही येत नव्हतं. पण तिनं शब्द दिला.

तो कोट घेऊन आला. मिलिमीटरकडे पाहून मान लववली, अनोळखी माणसाला लववावी तशी. बाहेर भुरभुर सुरू झाली होती. इतकी बारीक, की पडतेय की नुसती तरंगतेय कळेना. ट्रामच्या थांब्याशी येताच आई म्हणाली, "त्या दुकानाच्या खिडकीत लहान बाळाचे मोजे दिसतायत. नातीसाठी बघून येते. तुम्ही ट्रामकडे लक्ष ठेवा." आणि गेलीसुद्धा.

दोघं उरले. मध्ये एक छत्री, मिटलेली.

"मराठी येतं, हे आधी सांगायचं," तो म्हणाला.

"सांगितलं असतं, तर तुम्ही गप्प झाला असता."

"झालोच की शेवटी."

"हो... आणि मग मला करमेना."

त्यानं छत्रीचं टोक जमिनीवर टेकवलं. मग एकदम म्हणाला, "दोनशे माणसं माझ्या आईला हसली. तिला बिचारीला वाटलं कौतुकच चाललंय. नमस्कार करत होती सगळ्यांना."

उत्तर तिच्या जिभेच्या टोकावर होतं. दोन वाक्यं, की हा राग धुऊन निघाला असता. तिनं दातांवर दात घट्ट ठेवले. आयुष्यात पहिल्यांदा खरं गिळलं, आणि ते गोळीसारखं सावकाश खाली गेलं.

"चूक माझी," ती म्हणाली. "तुम्ही मान हलवलीत ती मला दिसली होती. तरी बोलले. तेवढ्यापुरतं मी वाईट वागले."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. असं सरळ उत्तर त्याला अपेक्षित नसावं.

"एवढं हसू तरी कशाचं आलं तुम्हाला?"

"टोपीचं."

"टोपीपासून ऐकत होतात?" त्याच्या ओठाचा कोपरा हलला.

"पिशवी खाली ठेव म्हणालात ना, तेव्हापासून."

"बाप रे."

"तुम्ही करता काय? एवढं भराभर सुचतं कसं?"

"गुरांचा डॉक्टर आहे. ज्यांना कळत नाही त्यांच्याशी दिवसभर प्रेमानं बोलायचं, हाच धंदा." आणि मग, "तुम्ही?"

"दात बनवते. तुमचा खालचा उजवा सुळा वाकडा आहे."

"काढून टाकू?"

"नको," ती घाईनं म्हणाली. "राहू दे... बरा दिसतो."

आता दोघंही ट्राम येते का ते बघायला लागले, आणि दोघंही चुकीच्या बाजूला बघत होते.

"एक सांगू?" ती रुळांकडे बघत म्हणाली. "मी खूप खोटं बोलणारी माणसं पाहिलीत. स्वतःला वाचवायला बोलतात सगळे. इतक्या मायेनं खोटं बोलणारा माणूस मी आज पहिल्यांदा पाहिला. आणि तुम्ही गप्प झालात ना— तेव्हा कळलं, मी विनोद ऐकत नव्हतेच. मी तुम्हाला ऐकत होते."

भुरभुर तिच्या पापण्यांवर बसली होती. त्यानं छत्री उघडली. खरं तर गरज नव्हती. पण छत्री उघडली की माणसाला जवळ सरकता येतं.

"उद्या दुपारचं विमान आहे आमचं," तो म्हणाला. "बहिणीचं बाळंतपण झालं, आईला न्यायला आलो होतो. तुम्ही परत कधी?"

"एकवीस दिवसांनी."

"मोजलेत?"

"आत्ताच."

तो हसला. सुळ्यासकट. मग पलीकडे पाहून त्यानं आवाज खाली आणला. "खरं सांगाल? तुम्ही लपवणाऱ्यातल्या नाही, म्हणून विचारतो. खांबामागे आई तुमच्याशी बोलत होती. तिला... काही कळलं तर नाही ना?"

खिडकीपाशी आई पाठमोरी उभी होती. मोजे केव्हाच पाहून झाले असणार.

"कशातलं?" मिलिमीटर म्हणाली.

"त्या पलंगातलं."

"छे!" आणि मग तिला उमगलं की नुसतं छे पुरत नाही, गोष्टीला हातपाय लागतात, चेहरा लागतो. तिचा हात आपोआप कानाकडे गेला. "उलट काळजीत होत्या. म्हणाल्या, इथे भाड्यानं धड मशीनसुद्धा देत नाहीत, माझी लेक तान्ह्या बाळाचे कपडे कशी धूत असेल."

"असं म्हणाली?"

"हो. डोळ्यांत पाणी होतं हो त्यांच्या."

त्यानं केवढा तरी मोठा श्वास सोडला. जणू खेळापासून धरून ठेवलेला. "आईच ती," तो म्हणाला, आणि छत्री आणखी थोडी तिच्या बाजूला कलली.

ट्राम आली. आई लगबगीनं येऊन आधी चढली, खिडकीची जागा पकडून बसली. तो पायरीवर थांबला. दार मिटायची घंटी वाजू लागली.

"तुम्ही... कुठल्या बाजूला राहता?" त्यानं विचारलं.

तिची खोली नेमकी उलट्या दिशेला होती, सात थांबे मागे.

"याच," मिलिमीटर म्हणाली, आणि चढली.

आतून आईनं सरकून तिला जागा करून दिली.